‘तूही आमच्यातलीच ना?’

पत्राचा सारांश: पत्रलेखिका पन्नाशी ओलांडलेल्या, मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या. मिस्टरांच्या नोकरीमुळे वीसेक वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात गेल्या आणि तिथेच राहिल्या. परक्या मुलखात त्यांना पहिला आधार मिळाला तो शेजारच्या बाईंचा. मुलाला शाळेतून आणणं असो की बर्फात घसरून यांचा हात मोडला तेव्हा रोज डबा देणं असो, बाई कायम हजर. १८ सप्टेंबर २०१४ ला, स्कॉटलंडने स्वतंत्र देश व्हावं का यावर सार्वमत झालं. त्या सकाळी दोघी मिळून मतदानाला गेल्या. बाईंच्या कोटावर ‘येस’चा बिल्ला होता. मत देऊन शाळेच्या फाटकाबाहेर आल्यावर बाईंनी भरल्या डोळ्यांनी यांना मिठी मारली आणि विचारलं, ‘तूही आमच्यातलीच ना?’ या ‘हो’ म्हणाल्या. प्रत्यक्षात त्यांनी ‘नो’पुढे फुली मारली होती. घरी मिस्टरांचं मत ‘नो’, नुकत्याच सोळा वर्षांच्या झालेल्या मुलाचं ‘येस’, आणि रात्री जेवताना दोघांचं कडाक्याचं भांडण. मिस्टर म्हणाले, ‘भावाभावांच्या वाटणीत पाहुण्याने पडू नये.’ मुलगा म्हणाला, ‘मी पाहुणा नाही.’ आज बाई ऐंशीच्या पुढे आहेत. कुणाशीही ओळख करून देताना अजून सांगतात, ‘त्या वेळी ही आमच्या बाजूने उभी राहिली.’ खरं काय ते मुलाला हल्लीच कळलं. तो म्हणतो, ‘तू सांग, नाहीतर मी सांगतो.’ पत्रलेखिका विचारतात, ‘मी बाईंच्या देशाचा घात केला का? त्यांना सांगू, की हे असंच पोटात ठेवू?’

ताई,

तुम्ही स्वतःवर दोन आरोप ठेवलेत आणि दोन्हींना एकच नाव दिलंत. ‘नो’ला मत दिलं हा एक, बाईंना खोटं सांगितलं हा दुसरा. दोन्ही तुमच्या लेखी ‘घात’. मला पहिल्यात घात दिसतच नाही. दुसऱ्याबद्दल बोलायला हवं आणि ते मी बोलणार आहे, पण पहिल्याचं ओझं उतरल्याशिवाय दुसऱ्याकडे तुम्हाला नीट पाहता येणार नाही.

तर आधी मत. मिस्टरांचं ते पाहुण्याचं वाक्य तुमच्या मनात घट्ट बसलेलं दिसतं. म्हणजे आपल्याला खरं तर हक्कच नव्हता, तो आपण वापरला आणि बाईंचं स्वप्न मोडलं, असा तुमचा हिशेब. पण हा हक्क तुम्हाला दिला कुणी? २०१३ मध्ये या सार्वमतात मतदार कोण असतील याचा कायदा स्कॉटलंडच्या संसदेने केला, आणि तेव्हा तिथे बहुमत होतं एसएनपीचं, म्हणजे स्वातंत्र्य मागणाऱ्या पक्षाचंच. माणूस जन्मला कुठे हे पाहायचं नाही, राहतो कुठे हे पाहायचं, असं त्यांनी ठरवलं. म्हणून राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक या नात्याने भारतीय पासपोर्टवर तुम्हाला मत मिळालं. सोळा वर्षांच्या तुमच्या मुलालाही मिळालं. आणि स्वतंत्र स्कॉटलंडचा वर्षानुवर्षं पुरस्कार करणाऱ्या अभिनेते शॉन कॉनरींना मात्र मिळालं नाही, कारण ते राहत होते बहामात. लंडनला नोकरी करणाऱ्या, एडिनबरात जन्मलेल्या माणसालाही मिळालं नाही.

हे लक्षात घ्या ताई. बाईंच्याच बाजूच्या लोकांनी, पूर्ण विचार करून, तुम्हाला घरातलं माणूस धरलं होतं. घरातलं माणूस धरायचं आणि त्याने फक्त होकारच द्यायचा, अशी अट त्यांनी घातली नव्हती. निकालानंतर ‘बाहेरून आलेल्यांनी घालवलं’ असं काही जण बोलले, ते तुमच्याही कानावर आलं असणार आणि तेव्हापासून सलत असणार. आकडे सांगते: ‘येस’ला सुमारे १६ लाख १८ हजार मतं, ‘नो’ला सुमारे २० लाख २ हजार. मतदान झालं ८४.६ टक्के. ३२ पैकी २८ विभागांत ‘नो’ पुढे होतं. एवढा मोठा निर्णय एका समाजाने केला, त्यात तुमची एक फुली होती.

आणि ती फुली तुम्ही बेफिकिरीने मारली नव्हती. पत्रात कारणं लिहिली आहेत तुम्ही: पौंड राहणार की नाही याचं सरळ उत्तर कुणी देईना, मिस्टरांच्या विद्यापीठाला संशोधनाचा पैसा कुठून येणार ते कळेना, आणि पुन्हा एकदा सगळी कागदपत्रं नव्याने करायची या विचाराने तुमच्या पोटात गोळा आला. एक देश सोडून दुसऱ्यात रुजायला काय पडतं हे ज्याने सोसलंय, त्याला तिसऱ्या बदलाची भीती वाटली तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? बाईंच्या मागे त्यांच्या आईवडिलांचा, आजोबांचा स्कॉटलंड होता. तुमच्यापुढे मुलाची शाळा आणि घराचे हप्ते होते. दोघी आपापल्या जागी प्रामाणिक होतात.

आता ते ‘हो’.

या सार्वमतात एक गोष्ट घडली होती, ती मला तुमच्या प्रसंगाला फार लागू वाटते. सरकारने मतपत्रिकेसाठी आधी जो प्रश्न सुचवला होता तो साधारण असा होता: ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा, याच्याशी आपण सहमत आहात का?’ तिथल्या निवडणूक आयोगाने तो लोकांना वाचायला देऊन तपासला आणि म्हटलं, ‘सहमत आहात का’ असं विचारलं की माणूस नकळत होकाराकडे ढकलला जातो. मग ते शब्द गेले आणि साधा प्रश्न उरला: ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का?’ खाली दोन चौकोन. आतमध्ये तुम्हाला असा तोलून-मापून केलेला प्रश्न विचारला गेला, आणि पन्नास पावलांवर फाटकाबाहेर, गळ्यात हात टाकून, पाणावल्या डोळ्यांनी विचारलं गेलं, ‘तूही आमच्यातलीच ना?’ याला ‘नाही’ म्हणायला फार मोठी छाती लागते. त्यातही डंडीत. त्या शहरात ५७ टक्के मतं ‘येस’ला पडली, ज्या चार विभागांत ‘येस’ जिंकलं त्यांत सगळ्यात जास्त टक्केवारी तिथली. तुमच्या गल्लीतल्या खिडक्याखिडक्यांत ‘येस’चे फलक होते असं तुम्हीच लिहिलंय. देशाच्या निकालात तुम्ही बहुमतात होतात, पण राहत्या रस्त्यावर अल्पमतात, आणि त्यात एकुलत्या एक सावळ्या कुटुंबातल्या.

शिवाय बाईंनी खरं म्हणजे दोन प्रश्न एका वाक्यात विचारले. मत काय दिलंस, हा एक. तू आमची आहेस ना, हा दुसरा. दुसऱ्याचं तुमचं उत्तर तेव्हाही ‘हो’ होतं, आजही आहे. निकालाच्या सकाळी बाई तुमच्या ओट्याशी बसून रडल्या आणि तुम्ही काही न बोलता चहा करून दिलात, ते ढोंग होतं असं तुम्ही लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. आपल्या मनासारखा निकाल लागलेला असताना हरलेल्या माणसाजवळ दोन तास बसून राहणं, तेही चेहऱ्यावर सुटकेचा भाव न येऊ देता, हे प्रेमाशिवाय होत नाही.

माझं आजोळ गोव्यातलं, डिचोलीकडचं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. तिथे प्रश्न स्वतंत्र देशाचा नव्हता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं, हा होता. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. माझे थोरले मामा फूलवाले, धाकटे दोन पानांचे. दोघांचं सगळं लिहिणं-वाचणं मराठीत, तरी दोघांची मतं दोन टोकांना. धाकटे मामा ‘राष्ट्रमत’ वाचायचे, जे मराठी दैनिक असून विलीनीकरणाच्या विरोधात उभं होतं, आणि थोरल्यांना हीच गोष्ट सर्वांत लागायची. सुमारे ३४ हजार मतांनी दोन पानं जिंकली. त्यानंतर कित्येक महिने दोघे एका पंगतीला बसले नाहीत. मग चवथ आली. गणपती मूळ घरी, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची लाकडी चौकट) बांधायची, एकट्याचं ते काम नव्हे. धाकटे शिडीवर चढले, थोरल्यांनी खालून सुपारीचे घड आणि नारळाची पेण वर दिली, आणि दोरी कुठे आवळायची यावरून दोघं पहिल्यांदा बोलले. माफी कुणीच मागितली नाही. कौलाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला तो फार उशिरा, आणि तेव्हा त्यात राग उरला नव्हता. अख्ख्या गोव्यातही असंच काहीसं झालं. ज्या भाऊसाहेब बांदोडकरांची विलीनीकरणाची मागणी लोकांनी जानेवारीत नाकारली, त्यांच्याच पक्षाला त्याच वर्षीच्या निवडणुकीत पुन्हा निवडून दिलं आणि ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकांना एका प्रश्नावर नाही म्हणून त्याच माणसाला जवळ ठेवता येतं.

ही आठवण सांगितली ती मतभेद पचतात हे दाखवायला. पण माझ्या मामांच्यात आणि तुमच्यात एक फरक आहे आणि तो मला झाकायचा नाही. त्या दोघांना एकमेकांचं मत ठाऊक होतं. जे काही निवळलं ते खऱ्या गोष्टीवर निवळलं. तुमच्या बाईंना ती संधीच मिळालेली नाही.

त्यामुळे सांगावं की नाही, यावर माझं मन कुठे झुकतं ते स्पष्ट सांगते: सांगावं. पण तुमचा मुलगा जे कारण देतो त्यासाठी नाही. ‘खरं ते खरं, सांगून टाक’ हे सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी फार सोपं वाटतं. मत गुप्त असतं ते उगीच नाही. नवरा, सासू, मालक, शेजार, कुणालाही आपलं मत न सांगण्याचा अधिकार हा दुबळ्या माणसाचं रक्षण करायला आहे, आणि तुम्ही आयुष्यभर काहीच बोलला नाहीत तरी कुणाचं काही देणं लागत नाही. फाटकाबाहेर तुम्ही ‘हो’च्या जागी नुसत्या हसला असतात, तर आज मी तुम्हाला म्हटलं असतं, विसरून जा.

सांगावं असं वाटतं ते दुसऱ्या कारणाने. ते ‘हो’ त्या दिवशी संपलं नाही. बाई ते अजून वापरतात. चारचौघांत तुमची साक्ष काढतात आणि प्रत्येक वेळी तुम्ही मान हलवता. एका हळव्या क्षणी तोंडातून निघालेला शब्द आणि दहा-बारा वर्षं पुन्हा पुन्हा दिलेला दुजोरा यांत फरक आहे, आणि तुमची झोप त्या दुजोऱ्याने उडाली आहे असं मला वाटतं. शिवाय आता ही गोष्ट घरात तिघांना माहीत आहे. बाईंना ती तुमच्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळली, तर त्यांना मताचं नाही, त्या लपवण्याचं दुःख होईल.

एक अपवाद मात्र आहे. बाईंची स्मरणशक्ती किंवा तब्येत ढासळत असेल, नुकतंच घरात काही वाईट घडलं असेल, तर सांगू नका. जे पचवायला त्यांच्याकडे बळ नाही ते त्यांच्यावर टाकून आपण मोकळं होणं बरोबर नाही. अशा वेळी मधला मार्ग घ्या: पुढच्या वेळी त्या ‘ही आमच्या बाजूची’ म्हणाल्या की हसून म्हणा, ‘मी तुमच्या बाजूची आहेच. मतपेटीतलं मतपेटीत राहू दे.’ एवढ्याने मान हलवणं थांबेल आणि त्यांना जे समजायचं ते त्या समजून घेतील. कुणी सांगावं, इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना अंदाज आलेलाही असेल.

सांगायचं ठरलं तर निवडणुकीच्या दिवसांत नको. सार्वमत पुन्हा व्हावं ही मागणी प्रत्येक निवडणुकीत वर येते. २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटलंडची संसद ते घेऊ शकत नाही असं सांगितल्यापासून बाईंसारख्यांचा जीव त्यात जास्तच अडकलेला असणार. प्रचार शांत असेल तेव्हा जा. त्यांच्याच घरी, दोघीच असताना, दिवसाउजेडी. थोडक्यात सांगा: ‘त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं, ते खरं नव्हतं. तुम्ही इतक्या आनंदात होतात की मला तो मोडवला नाही. मत मी विचार करून दिलं होतं. पण तुमच्याशी खोटं बोलले आणि नंतर बोलतच राहिले, त्याची माफी मागायला आले आहे.’ बस. पौंड, पेन्शन, युरोप यातलं काही काढू नका. कारणं द्यायला लागलात की वाद सुरू होईल आणि माफी बाजूला राहील. त्यांनी विचारलीच तर सांगा. आणि आज पुन्हा मत द्यायचं झालं तर काय द्याल, असं विचारलं तर मनात असेल ते सांगा, ‘माहीत नाही’ असेल तर तेच सांगा. युरोपीय संघात राहायचं तर ब्रिटनमध्ये राहा, असं २०१४ मध्ये तुम्हाला सांगितलं गेलं, आणि २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या सार्वमतात स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी युरोपात राहण्याचा कौल देऊनही ब्रिटनबरोबर बाहेर पडावं लागलं. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या कित्येकांनी आपलं मत नव्याने तपासलं. तुम्ही बाईंना खूश करायला मत बदलल्याचं दाखवू नका, एवढंच. नाहीतर एका ‘हो’चं दुसरं होईल.

मिस्टरांबद्दल थोडं. त्या रात्रीचं त्यांचं वाक्य मला मान्य नाही, पण ते कुठून आलं हे दिसतं. परक्या देशात दोन गट भांडत असले की आपण मध्ये सापडू नये, ही धास्ती बाहेर राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांत असते, आणि निकालानंतरच्या संध्याकाळी ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये झालेली हाणामारी टीव्हीवर पाहून ती त्यांची आणखी पक्की झाली असेल. तरीही ‘पाहुणा’ हा शब्द मुलाला का झोंबला हे त्यांनी आता तरी समजून घ्यावं. सहाव्या वर्षी आलेल्या त्या पोराने पहिलं मत दिलं त्याच दिवशी वडील त्याला सांगत होते की हे घर तुझं नाही. त्याचा तुमच्यावरचा आजचा राग मला त्या रात्रीचाच उरलेला वाटतो. बापलेकांनी एकदा यावर बोलावं, ‘येस’ की ‘नो’ हा विषय न काढता.

ज्यांच्या घरात, गल्लीत किंवा मित्रमंडळीत असं मतदान होणार आहे त्या इतर वाचकांसाठीही हे सांगावंसं वाटतं. मतदान केंद्राबाहेर कुणालाही ‘तुझं काय?’ विचारू नका, विशेषतः ज्याला तुमचा आधार आहे त्याला. आणि तुम्हाला कुणी विचारलं तर उत्तर आधीच ठरवून ठेवा, कारण ऐन वेळी ते सुचत नाही. ‘मत दिलं, आता रात्री निकाल बघू’ एवढं पुरतं. घरात पहिल्यांदा मत देणारं पोर असेल तर त्या दिवशीच्या जेवणात त्याला चुकीचं ठरवायची घाई करू नका. तुमची बाजू जिंकली तर निदान दोन-चार दिवस फॅमिली ग्रुपवर काही टाकू नका. हरलेला माणूस तेव्हा एकेक शब्द मोजत असतो. २०१४ मध्ये मतदानानंतरच्या पहिल्याच रविवारी, २१ सप्टेंबरला, चर्च ऑफ स्कॉटलंडने एडिनबराच्या सेंट जाइल्स कथीड्रलमध्ये दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना बोलावून एकत्र प्रार्थना घेतली. तीन दिवसांत मनं जुळत नसतात, पण एका छताखाली येऊन बसणं तेव्हाच करावं लागतं. नंतर न जाण्याची सवय होते. हरलेल्या शेजाऱ्याच्या घरी काहीतरी करून न्या, आणि निकालाचा विषय त्याने काढला तरच काढा.

आता तुमचं काम, या क्रमाने. आधी मुलाला बसवून सांगा की हे मत त्याचं नाही आणि ते उघड करण्याचा अधिकारही त्याचा नाही. त्याला म्हणा, ‘तू बोललास तर ती तुझी सचोटी ठरणार नाही, माझ्यावर केलेली जबरदस्ती ठरेल.’ तुम्ही स्वतः सांगणार आहात हेही त्याला सांगा, म्हणजे तो थांबेल. मग बाईंकडे जा. त्या कदाचित हसतील, ‘मला ठाऊक होतं’ म्हणतील. कदाचित गप्प होतील आणि काही आठवडे तुमच्याकडे येणार नाहीत. तसं झालं तर रोजची त्यांची जी कामं तुम्ही करता, औषधं आणणं, दवाखान्यात नेणं, ती न विचारता चालू ठेवा, पण समजावायला पुन्हा पुन्हा जाऊ नका आणि चिठ्ठ्या पाठवू नका. मुलाला मध्यस्थ म्हणून धाडू नका; तो आणि बाई आपापसांत काय बोलतील ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.